धार आणि वारा

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय साधा आहे. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी येऊ नये म्हणून काय करावं? उत्तर आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे कुकरची शिट्टी होईल आणि तुम्ही उठून जाल. धार आणि वारा. पात्याला धार हवी आणि वारा आडवा हवा. झालं.

आता हे पाणी येतं कशानं, ते थोडक्यात सांगते. कांदा टोपलीत नुसता पडून असतो तेव्हा कुणाला त्रास देत नाही. त्याच्या पेशींत गंधक असलेली द्रव्यं एकीकडे आणि त्यांच्यावर काम करणारं एन्झाइम दुसरीकडे, अशा दोघांच्या चुली वेगळ्या असतात. पातं फिरलं की मधली भिंत पडते, दोघं एकत्र येतात आणि शेवटी एक वायू तयार होतो. तो वर येऊन डोळ्याला झोंबतो. मग डोळा तो धुऊन काढायला पाणी सोडतो. यामागे कांद्यातलं एक वेगळं, खास एन्झाइम आहे, हे 2002 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं. त्यांना 2013 मध्ये इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते. पुढे जपानात न रडवणारा कांदाही तयार झाला. मी काही तो खाल्लेला नाही, आणि खरं सांगायचं तर खायची इच्छाही नाही. भाकरीबरोबर बुक्कीनं फोडलेला कांदा नाकात झिणझिणला नाही, तर तो खायचा कशाला?

असो. शास्त्र झालं. आता मामांची गोष्ट.

माझं आजोळ निफाड तालुक्यातलं. मामांची कांदाशेती. मी कॉलेजात होते तेव्हा मामेबहिणीचं लग्न ठरलं, मे महिन्यातलं. उन्हाळी कांदा नुकताच निघून चाळीत भरलेला होता. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मांडवात ताडपत्री अंथरून भावकीतल्या बायका विळ्या घेऊन बसल्या. आचाऱ्यानं रश्शाच्या वाटणासाठी आणि मसालेभातासाठी मिळून अख्खी गोणी सांगितली होती. आम्ही पोरी कांदे सोलत होतो. तेव्हा लग्नाचा स्वयंपाक घरच्या हातांनी व्हायचा आणि पंगती बसायच्या. आता ताट हातात धरून, रांगेत उभं राहून, कोपरानं एकमेकांना ढकलत जेवायचं. याला कुणी आग्रह म्हणत असेल तर म्हणो.

तर बायकांचे डोळे लाल, नाकं वाहतायत. तेवढ्यात मामा आले. हसले. म्हणाले, “उभा जन्म लासलगावच्या मार्केटात गेला माझा. कांद्याची काय टाप आहे मला रडवायची!” आचारी मूळचा येवल्याचा आणि तोंडानं फटकळ. तो म्हणाला, “मालक, विकणं वायलं आन चिरणं वायलं. बसा की पाटीभर.”

मामा बसले. विळी घेतली ती कोपऱ्यात पडलेली, नारळ खवून खवून बोथट झालेली. आणि बसले कुठं, तर मांडवाच्या आतल्या अंगाला, जिथं तिन्ही बाजूंनी कापड बांधलेलं. वारा नावाला नाही. पाचव्या-सहाव्या कांद्याला डोळे चुरचुरायला लागले. मग बायकांनी सल्ले सुरू केले. एक म्हणाली, आगपेटीची काडी दातात धरा. धरली. दुसरी म्हणाली, कांद्याचं साल डोक्यावर ठेवा. ठेवलं. तिसरी म्हणाली, तोंडात पाण्याची गुळणी धरा. आता काडी धरायची की गुळणी? मामांनी दोन्ही करून बघितलं आणि सदरा भिजवला.

हार मानणारा माणूस नव्हे तो. बाहेर भाच्याची मोटारसायकल उभी होती. मामांनी हेल्मेट मागवलं, डोक्यात घातलं, पुढची काच खाली ओढली आणि पुन्हा विळीवर बसले. धोतर, पायाखाली विळी आणि डोक्यावर तांबडं हेल्मेट. मेची दुपार. दोन मिनिटांत काचेवर आतून वाफ धरली. मामांना कांदा दिसेना आणि खालून शिरलेला वास बाहेर निघेना.

आणि तेवढ्यात ओरडा झाला, “वऱ्हाड आलं, वऱ्हाड आलं!” संध्याकाळी येणारं वऱ्हाड उजेडातच पोचलं होतं. मामी धावत आल्या, “अहो उठा, व्याही आले!” मामा उठले ते तसेच, हेल्मेटसकट. हनुवटीखालचा पट्टा निघेना. समोर व्याही, पांढरी टोपी, हात जोडलेले. त्यांनी घाबरून विचारलं, “कुठं निघालात का गाडीवर?” शेवटी भाच्यानं पट्टा सोडवला. हेल्मेट निघालं आणि आतून मामांचा चेहरा बाहेर आला: डोळे लालबुंद, गालांवरून धारा, नाकाचा शेंडा टोमॅटो.

व्याह्यांनी पाहिलं मात्र, त्यांचा गळा दाटला. त्यांनी मामांना मिठी मारली. म्हणाले, “एवढं मनाला लावून घेऊ नका. लेक काय, आमचीच आहे.” आणि त्यांनाही रडू फुटलं. मामांनी कांद्याचं नाव काढलं नाही. नुसती मान हलवत राहिले. मांडवात आचारी पदार्थांची यादी तोंडावर धरून खिदळत होता.

दुसऱ्या दिवशी पाठवणीला सगळं घर रडलं. मामांचे डोळे कोरडे. ते बसच्या टपावर सामान नीट बांधलंय का ते बघत होते. व्याही आपल्या माणसांना सांगत होते, “काल सगळं रडून घेतलं त्यांनी.”

पण श्रोतेहो, ही गोष्ट खरी आक्कांची आहे. आक्का म्हणजे मामांची आत्या, सत्तरी ओलांडलेल्या. सगळा गोंधळ चालू असताना त्यांनी एकटीनं ढीगभर कांदा चिरला आणि डोळा ओला नाही. मी शेजारी बसून बघत होते. सकाळीच त्यांनी विळीच्या पात्यावरून कानस फिरवली होती. बसल्या होत्या मांडवाच्या उघड्या टोकाला, वारा डाव्या हातानं येईल अशा. कांद्याचा शेंडा उडवायचा, मुळांकडचं बूड तसंच ठेवायचं, दोन फाकी करायच्या आणि हातातली फाक सोडून दुसरी लगेच घमेल्यात पालथी, कापलेली बाजू खाली. चिरून झालं की बूड शेवटी बाजूला. हात सावकाश, आपटणं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, “वारं आडवं घ्यावं, इळी लावून घ्यावी. बाकी समदी थेरं.”

आक्कांचं हे धारेचं म्हणणं अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या लोकांना 2025 मध्ये सापडलं. त्यांनी अतिवेगवान कॅमेरा लावून कांदा कापला. बोथट पात्याखाली कांद्याचा पापुद्रा आधी वाकतो, आत दाब साठतो आणि मग रसाचे बारीक थेंब जोरात उडतात. धारदार पातं आणि सावकाश हात असेल तर थेंब कमी. म्हणून पुन्हा सांगते, धार. आपल्याकडे घरात पाच-सहा सुऱ्या असतात आणि टोमॅटो कापायला एकही चालत नाही. पूर्वी सायकलवर चाक घेऊन धार लावणारा दारावर यायचा, तो आता क्वचित दिसतो. तो नसेल तर चिनी मातीचा कप पालथा घाला, बुडाची जी खरबरीत, चकाकी नसलेली कड असते तिच्यावर सुरी तिरकी धरून दोन्ही बाजूंनी घासा. तेवढ्यानं काम भागतं.

आणि दुसरं, वारा. छताचा पंखा उपयोगाचा नाही, तो वास वरून तुमच्याच तोंडावर आणतो. टेबलफॅन बाजूला ठेवा, किंवा खिडकीशी आडवे उभे राहा. विळीवर बसणाऱ्यांनी मान खाली घालून कांद्याच्या ऐन वर तोंड नेऊ नये. ओट्याशी उभं राहून सुरीनं चिरताना तोंड आपोआप लांब राहतं, एवढ्या एका बाबतीत सुरी विळीपेक्षा बरी. एरवी मी विळीच्या बाजूची.

फ्रिजचा उपाय पुष्कळ जण सांगतात. गार कांद्यात ती क्रिया मंदावते, हे खरं. पण पोह्यांना कांदा हवाय तो आत्ता हवाय, अर्ध्या तासानं नव्हे. पाण्यात चिरणाऱ्यांनी बोटं सांभाळावीत, कांदा निसटतो. डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्यांना बरेचदा त्रास कमी होतो, बुबुळ झाकलेलं असतं म्हणून.

जाता जाता वर्तमानपत्रवाल्यांना एक विनंती. भाव वाढला की “कांद्यानं आणलं डोळ्यांत पाणी” हा मथळा आता निवृत्त करा. डिसेंबर 2023 मध्ये निर्यातबंदी आली आणि भाव पडले, तेव्हा चाळीतल्या कांद्याकडे बघत बसलेल्या शेतकऱ्यासाठी असा मथळा माझ्या तरी वाचनात आला नाही.

आणि एवढं करूनही डोळे झोंबलेच, तर कांद्याचा हात डोळ्याला लावू नका. आधी हात धुवा, मग डोळ्यांवर गार पाणी मारा. उरलेला चिरलेला कांदा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि दुधाच्या पातेल्यापासून लांब ठेवा, नाहीतर सकाळचा चहा कुणी पिणार नाही. नमस्कार.