छोट्या ट्रॅक्टरचा तोल

[दृश्य: सकाळ. झाडांच्या कडेला उभा नवा ट्रॅक्टर. बॉनेटवर दव.]

टायरवरचे रबराचे बारीक केससुद्धा अजून झिजलेले नाहीत. इंजिन किती तास चाललं ते सांगणाऱ्या तासमीटरवर आकडा आहे ३.५.

२५ हॉर्सपॉवरचा हा ट्रॅक्टर मोठ्या शेतातल्या ट्रॅक्टरशेजारी लावला, तर त्याचं पिल्लू वाटेल. आवारातलं गवत कापायचं, वादळात पडलेली झाडं ओढून आणायची, माती-खडी इकडची तिकडे करायची, एवढ्यासाठीच तो घेतलाय. दिसायला गोजिरा, पण लोडर, म्हणजे पुढची उचलणारी बकेट, धरून वजन टनाच्या घरात. आता त्याचा बांधा नीट पाहा. झाडांमधून शिरता यावं म्हणून तो अरुंद आहे. खुंट-दगड ओलांडता यावेत म्हणून पोटाखाली उंच आहे. ज्या दोन गुणांवर मन बसलं, त्याच दोन गुणांमुळे तो लवकर कलंडतो. माहितीपत्रकात गुण ठळक छापलेले असतात. कलंडण्याची सूचना शोधावी लागते.

[दृश्य: मालकीण पायरीवर पाय ठेवते. मागून आवाज येतो.]

"आधी पायी फिरून घ्या, ताई."

हे काका. उभं आयुष्य ट्रॅक्टरच्या सीटवर गेलेलं. आज शिकवायला आलेत, आणि पहिला तासभर त्यांनी किल्लीला हातच लावू दिला नाही.

[दृश्य: गुडघाभर गवतातून दोघं चालतात. काकांच्या हातात काठी, ताईंच्या हातात लाल चिंध्या.]

गवत वरून सपाट दिसतं. काठी मात्र तीन ठिकाणी ठणकन वाजली. कापून टाकलेल्या झाडाचे जुने खुंट, जमिनीलगत काळे पडलेले. एका जागी काठी कोपरापर्यंत आत गेली, कुण्या जनावराचं बीळ. प्रत्येक ठिकाणी एक चिंधी. चढाच्या बाजूचं चाक खुंटावर चढलं आणि उताराच्या बाजूचं बिळात गेलं, तर दोन्हींची बेरीज होते. एकेकट्याने जे निभावलं असतं, ते जोडीने आडवं पाडतं.

[दृश्य: जवळून. गवताच्या मुळाशी गंजलेली तार. काका ती उपसतात, वेटोळं वाढत जातं.]

कुठल्या तरी जुन्या कुंपणाची ही तार. गवत कापणाऱ्या स्लॅशरखाली आली असती तर पात्याच्या दांड्याला गुंडाळली गेली असती, नाहीतर तुकडे होऊन बाहेर फेकली गेली असती. स्लॅशर दगड लांब, कित्येक मीटरवर भिरकावतो. म्हणून गवत कापताना बघ्यांनी जवळ उभं राहायचं नाही, आणि पोरांनी तर अंगणातही नाही.

आता वर पाहा.

[दृश्य: कॅमेरा खोडावरून वर जातो. दोन फांद्यांच्या बेचक्यात अडकलेली वाळकी फांदी.]

ही फांदी तुटलेली आहे, पण अजून पडलेली नाही. खोडाला ट्रॅक्टरचा धक्का लागायचा अवकाश. सीटच्या मागची लोखंडी चौकट ट्रॅक्टर उलटला तर वाचवते. वरून पडणाऱ्या लाकडासाठी वेगळं मजबूत छत लागतं, आणि ते या ट्रॅक्टरवर नाही. म्हणून या झाडाखाली आज काम नाही. काकांनी खोडालाच चिंधी बांधली.

[दृश्य: सीटच्या मागची चौकट, मागे दुमडलेली. दोन पिना.]

ही ती चौकट, रोलबार. ट्रॅक्टर घरी आला तेव्हा ती दुमडलेली होती, कारण शेडचं दार बुटकं. पुष्कळ घरी ती अशीच दुमडलेली राहते. आम्हाला विचाराल तर या अख्ख्या यंत्रात सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि तो चालवायलाही शिकावं लागत नाही. उभी करायची, दोन पिना घालायच्या, पिनांना क्लिपा लावायच्या. बस्स.

चौकट उभी असेल तर पट्टा बांधायचाच. पट्टा नसेल तर माणूस बाहेर फेकला जातो आणि तीच चौकट त्याच्यावर येऊ शकते. फांद्या फारच खाली असल्या आणि चौकट दुमडावीच लागली, तर मात्र पट्टा सोडायचा. तेवढं काम सपाटीवर, हळू करायचं, आणि बाहेर आल्याबरोबर चौकट पुन्हा उभी. १९५९ मध्ये स्वीडनने नव्या ट्रॅक्टरवर ही चौकट सक्तीची केली. पुढच्या काळात तिथले ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू खूप उतरले.

[दृश्य: ट्रॅक्टरची मागची बाजू. खाली दोन दांडे, वर मधोमध एक.]

ट्रॅक्टर मागे कसा उलटतो, हे आमच्याकडे चित्रित नाही. मुद्दाम करून दाखवायची ती गोष्टही नव्हे. पण त्याचं मूळ या तीन दांड्यांच्या गोष्टीत सापडतं.

पहिल्या महायुद्धाच्या काळात आयर्लंडमध्ये हॅरी फर्ग्युसन नावाचा एक यंत्रवाला गावोगाव ट्रॅक्टर आणि नांगर तपासत होता. तेव्हा नांगर ट्रॅक्टरला बैलगाडीसारखा साखळीने नाहीतर हुकाने मागे लावत. नांगर दगडाला अडला की ओढलं जाणारं ओझं जागचं हलत नसे, चाकं मात्र जमीन धरून असत. इंजिनाने फिरवायचं तरी कुणाला? मग ट्रॅक्टरच स्वतःच्या मागच्या ॲक्सलभोवती, म्हणजे मागची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याभोवती, फिरायचा. नाक वर, मग आकाशाकडे, मग चालकावर.

फर्ग्युसनने यावर बरीच वर्षं घालवली. त्याची अंतिम रचना १९३६ च्या फर्ग्युसन-ब्राऊन ट्रॅक्टरवर आणि १९३९ च्या फोर्ड ९एन वर आली, आणि तीच तुमच्यासमोर आहे. खालचे दोन दांडे ओढतात. नांगर जमिनीत धरला गेला की त्याचा वरचा भाग पुढे झुकू पाहतो. हा वरचा दांडा, टॉप लिंक, त्यामुळे पुढे दाबला जातो, आणि तो दाब ट्रॅक्टरचं नाक जमिनीवर ठेवतो. जो नांगर ट्रॅक्टर उलटवत होता, तोच आता त्याला खाली दाबून धरतो.

फर्ग्युसनची हुशारी एवढ्या विस्ताराने सांगायचं कारण पुढच्या चित्रात आहे.

[दृश्य: ताई ओंडक्याची साखळी टॉप लिंकच्या खुंटीला अडकवायला जातात. काका हात धरतात.]

जागा सोयीची, कमरेच्या उंचीवर, वाकावं लागत नाही. पण टॉप लिंक दाब झेलते तेव्हाच नाक खाली राहतं. तिथे साखळी बांधली की खेच येते, आणि हिशेब उलटा फिरतो. ॲक्सलच्या वरून ओढलेलं कुठलंही ओझं ट्रॅक्टरचं नाक उचलतं.

[दृश्य: काका मागच्या टायरवर, ॲक्सलच्या उंचीला खडूने आडवी रेघ ओढतात.]

या रेघेच्या खाली. नेहमी. ओढायचं ते खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे मागे खाली असलेल्या ओढायच्या पट्टीलाच, टॉप लिंकला नाही, ॲक्सलला नाही, आणि सीटच्या मागच्या चौकटीला तर मुळीच नाही. मागे उलटू लागलेला ट्रॅक्टर पाऊण सेकंदात अशा जागी पोचतो, की पुढे क्लच दाबूनही उपयोग नसतो. पाऊण सेकंद म्हणजे "अरे" म्हणेपर्यंत.

[दृश्य: ओंडका ओढणं. चाकांचा, साखळीचा, पाचोळ्याचा आवाज.]

बुंध्याकडचं जाड टोक पुढे, म्हणजे छाटलेल्या फांद्यांचे खुंट मागे वळून राहतात आणि जमिनीत रुतत नाहीत. साखळी टोकापासून हातभर आत. साखळी आखूड असली की ओंडक्याचं नाक जरासं उचललं जातं. फार आखूड झाली तर वळणावर ओंडका चाकाला भिडतो. सगळ्यात खालचा गिअर, आणि झटका अजिबात नाही. साखळी आधी हळूच ताणून घ्यायची.

आणि हे पाहा. ओंडका मुळीत अडला. ताईंनी पाय काढला, ट्रॅक्टर थांबला. पेडलवाल्या हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चाकं फिरवणाऱ्या, ट्रॅक्टरचं हे एक बरं, पाय काढला की तो आपोआप मंदावतो. आता मागे यायचं, साखळी सैल करायची, इंजिन बंद करायचं, खाली उतरायचं, बाजू बदलून पुन्हा बांधायचं. इथे दोन मिनिटं गेली. चित्रफितीत ती कापायचा मोह झाला होता, पण ठेवली.

[दृश्य: ट्रॅक्टरमागे फिरणारा पीटीओ शाफ्ट, संरक्षक नळी काढलेली. लांब बांबूच्या टोकाला जुन्या सदऱ्याची बाही, आत पेंढा भरलेला.]

पीटीओ म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणारा फिरता दांडा. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्टभोवती प्लॅस्टिकची संरक्षक नळी असते. या एका चित्रासाठीच ती काढली आहे, आणि बांबू धरणारा माणूस लांब आहे. तुमच्या शाफ्टवर ती तडकलेली किंवा गायब असेल, तर आजचं काम उद्यावर ढकला.

बाही फक्त टेकवायची आहे.

[दृश्य: संथ गतीत. निवेदन नाही. १० सेकंद.]

शाफ्ट फिरत असताना त्यावरून पाय टाकून पलीकडे जायचं नाही. स्लॅशरमध्ये काही अडकलं, तर क्रम ठरलेला: पीटीओ बंद, अवजार जमिनीवर, ब्रेक, इंजिन बंद, किल्ली खिशात. मग वाट पाहायची. पीटीओ बंद केल्यावरही पाती काही वेळ फिरत राहतात, आणि ती थांबली हे डोळ्यांनी दिसेपर्यंत हात लांब.

[दृश्य: लोडरची बकेट, ओल्या लाकडांनी भरलेली. मागचं टायर जमिनीवर घसरतं.]

पुढे लोडर उचलला की मागचं वजन हलकं होतं. हे टायर फिरतंय, पण पकडत नाही. मागे आता काहीच जोडलेलं नाही, आणि चूक तीच होती. काकांनी मागच्या दांड्यांवर वजनाची पेटी चढवली, वाळूने भरलेली. पुढचं चित्र तेच, त्याच लाकडांचं, आणि टायर शांत.

बकेट जमिनीपासून वीतभर वर ठेवूनच चालायचं, वाट दिसेल आणि दगडाला लागणार नाही इतकीच. भरलेली बकेट वर धरून वळणं हे डोक्यावर हंडा घेऊन धावण्यासारखं आहे. उतरताना फोर व्हील ड्राइव्ह चालू. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्याच चाकांना असतात. मागची चाकं हलकी झाली की ब्रेक नावालाच उरतो. चारही चाकं जोडलेली असली तर पुढची चाकंही आवरतात.

[दृश्य: बांधाचा चढ. ट्रॅक्टर मागे मागे वर चढतो.]

तीव्र चढ चढायचा तर असा, उलटा, म्हणजे जड बाजू वरच्या अंगाला राहते. आडवं जायचं नाही, सरळ वर किंवा सरळ खाली. दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना जोडलेली.

[दृश्य: संध्याकाळ. ट्रॅक्टर शेडसमोर. सायलेन्सरवर पाचोळा.]

दिवसभर जंगलात काम केलं की यंत्रभर पाचोळा साचतो. सायलेन्सर तापलेला असतो, वाळकं पान तिथे राहू देत नाहीत. रेडिएटरपुढची जाळी गवताच्या बियांनी भरलेली, ताई ब्रशने साफ करतायत.

[दृश्य: जवळून. लोडरच्या होजवर, तेलाच्या नळीवर, ओलसर रेघ. ताईंचं बोट तिकडे जातं.]

काकांनी खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढून दिला. गळती शोधायची ती पुठ्ठ्याने, बोटाने नाही. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून दाबाखालचं तेल कातडी भेदून आत जाऊ शकतं. वरून नुसता ठिपका दिसतो, तरी ताबडतोब इस्पितळ गाठावं लागतं. इथे होजचा जोड ढिला होता, एवढंच. इंजिन बंद करून, लोडर जमिनीवर टेकवून, दाब सोडून तो आवळला.

[दृश्य: चाकाजवळ पाना. ताईंनी पहिला नट धरला.]

नव्या ट्रॅक्टरचे चाकाचे नट पहिल्या काही तासांतच तपासायचे असतात. रंग, धातू बसत जातात, आवळ सैल पडते. इंजिन ऑइल आणि फिल्टर पुष्कळ कंपन्या पहिल्या ५० तासांनी बदलायला सांगतात. त्याला अजून वेळ आहे.

पहिला नट, घट्ट. दुसरा, घट्ट.

तिसरा पाव फेरा फिरला.