क्रॉस तिसऱ्यांदा गेला? जुना फेकू नका, आधी नीट बघा

नमस्कार मंडळी. हे बघा हातात काय आहे. प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे एक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या लांब फिरत्या नळीचा क्रॉस, गॅरेजमध्ये युजे क्रॉस म्हणतात तो, चार दांड्यांचा सांधा, प्रत्येक दांडीवर एक कप. आठ महिन्यांत हा तिसरा. पहिला गेला तेव्हा म्हटलं डुप्लिकेट लागला असेल, दुसरा गेला तेव्हा दुकानदाराशी भांडून आलो, तिसरा गेला तेव्हा मात्र गप्प बसलो, कारण दुकान वेगळं, डबा वेगळा, माल वेगळा आणि जायची जागा तीच! म्हणजे घोळ क्रॉसमध्ये नाहीये, घोळ गाडीत आहे, आणि थोडा माझ्या उजव्या पायात.

तर आपण काय करतो, मेकॅनिक जुना क्रॉस ठोकून काढतो, भंगारात टाकतो, नवा बसवतो न् आपण पैसे देऊन घरी. अहो, जुन्या क्रॉसवरच सगळं लिहिलेलं असतं की. जरा जवळ घेतो कॅमेऱ्याच्या... ही दांडी दिसतेय? रॉकेलने धुतलीय. हिच्यावर नख फिरवलं की खर्रर्र लागतं, बारीक बारीक खाचा, एकाशेजारी एक. ह्या कपात सुयांसारखे रोलर असतात ना, त्या सुयांचे ठसे आहेत ते. म्हणजे लोड इतका आला की सुया दांडीत रुतल्या. आणि ही चौथी दांडी बघा, हिच्यावर विटकरी पावडर, कपात सुयांचा चुरा. इथे ग्रीस कधी पोचलंच नाही, आणि वर पाणी गेलं. तुमच्याकडे दांडी सरळ तुटून आली असेल आणि तुटलेला भाग सगळा एकसारखा दाणेदार, ताजा दिसत असेल तर तो एकाच झटक्याचा प्रताप. त्यात गोल गोल रेघा दिसल्या तर तडा कितीतरी दिवस हळूहळू सरकत होता, शेवटचा दगड फक्त निमित्त.

आता माझ्या खाचा का पडल्या? लिफ्ट किट. दोन इंच उचलली गाडी, फोटो झकास आले. पण मागचा एक्सल जिथे होता तिथेच, ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, ५ सेंटीमीटर वर गेली. शाफ्ट १२० सेंटीमीटर लांब असता तर तिरकेपणा सव्वादोन-अडीच अंशांनीच वाढला असता, पण शॉर्ट व्हीलबेस गाडीत शाफ्ट साधारण ६० सेंटीमीटरचा धरला तर थेट पावणेपाच अंश. छोट्या गाडीला लिफ्ट महाग पडते ती अशी, किट स्वस्त मिळतं तो भाग वेगळा.

आणि तिरका क्रॉस एकसारखा फिरत नाही. इकडून शाफ्ट एका वेगाने आला तरी पलीकडचा भाग एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो न् दोनदा मागे रेंगाळतो. १० अंशांना हा फरक दीड टक्का, २० अंशांना सहा टक्क्यांवर. म्हणून शाफ्टला दोन क्रॉस असतात, एकाने केलेला घोळ दुसरा निस्तरतो, पण कधी? दोन्हीकडचे कोन सारखे असतील आणि दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे चिमटे, एका रेषेत असतील तरच. माझा शाफ्ट काढताना एका गॅरेजमध्ये खूण केली नाही, स्लिपचे, म्हणजे शाफ्टच्या आत-बाहेर सरकणाऱ्या जोडाचे दाते पुढेमागे बसले, गाडी थरथरायला लागली, आणि मी महिनाभर टायर बॅलन्सिंग करत फिरतोय! शाफ्ट काढायच्या आधी दोन्ही बाजूंना खडूने नको, पेंटने रेघ मारा. कोन मोजायला मोबाईलमधलं लेव्हलचं ॲप चालतं.

आता पाय. इंजिनचा टॉर्क ३०० न्यूटन मीटर धरा, पहिला गिअर चारपट, फोर लो, म्हणजे चारही चाकांना हळू पण जोरात फिरवणारा गिअर, अडीचपट, झाले ३०००. म्हणजे एक मीटरच्या पान्याच्या टोकाला ३०० किलो लटकवल्यासारखं. तेही शाफ्ट सोसतो हो, हळूहळू दिलं तर. पण एक चाक हवेत, आपण पॅडल दाबून ठेवलंय, चाक भन्नाट फिरतंय, मागून मित्र ओरडतोय “दे अजून दे”, आणि तेवढ्यात चाकाला कातळ सापडतो. कट्ट! फिरणारं सगळं वजन एका क्षणात थांबलं, तो झटका जिथे सगळ्यात कच्चं तिथे बसणार. चाक उडायला लागलं की पाय काढायचा. आणि “दे दे” म्हणणारा मित्र दुरुस्तीचे पैसे देत नाही.

पुढच्या बाजूला इंडिपेंडंट सस्पेन्शन असेल तर तिकडे स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना रेस देऊ नका, सीव्ही जॉइंट, म्हणजे चाकाजवळचा वाकणारा सांधा, त्या कोनात सगळ्यात नाजूक. वळताना कटकट आवाज आला तर आधी त्याच्यावरचा रबरी बूट फाटलाय का बघा. आणि जिप्सी, जिम्नी, फोर बाय फोरवाली थार, ह्या पार्ट-टाइम फोर बाय फोर आहेत, म्हणजे चारही चाकांची ताकद लिव्हरने हवी तेव्हाच लावायची, मधे डिफरेन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर, नाही, कोरड्या डांबरी रस्त्यावर फोरमध्ये वळवलं की पुढची चाकं जास्त अंतर कापतात, शाफ्ट पिळला जातो, लिव्हर अडकतो. थोडं सरळ रिव्हर्स घेतलं की सुटतो बहुतेक वेळा.

पावसाळ्यात ओढा पार करताना एक्सलमधलं तापलेलं डिफरेन्शियल गार पाण्यात शिरतं, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या भोकातून, नाहीतर सीलमधून पाणी ओढून घेते. घरी आल्यावर ऑइल बघा, दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्याच दिवशी बदला. ब्रीदरला नळी लावून वर बॉनेटपर्यंत न्या, फार खर्च नाही.

चला, नवा क्रॉस बसवलाय, ग्रीस मारतो. ग्रीस भरायच्या निप्पलवाला मुद्दाम घेतला, सीलबंदवाल्यात नंतर काही करताच येत नाही. हा एक कप, आलं बाहेर... दुसरा, तिसरा... चौथ्यातून येत नाहीये बघा. इथेच लोक गन खाली ठेवतात, मीही ठेवली होती, त्याचीच ती विटकरी पावडर. शाफ्ट चौथ्या कपाच्या विरुद्ध बाजूला दाबून धरायचा, हं, असा, आणि परत मारायचं... थांबा... आलं. आता पुसतो आणि खाली उतरवतो गाडी.