चौथऱ्याभोवतीची जागा

कलावंताचं स्मारक म्हटलं की चर्चा चेहऱ्यावर जाते. हुबेहूब आहे का, नाक जमलंय का. हे बघायलाच हवं. पण त्याआधी विचारायचं ते हे, की या स्मारकापाशी लोक थांबणार कुठे आणि थांबून करणार काय? शहराची ओळख तिथे घडते.

पोलंडमधल्या वॉर्साच्या वाझेन्की उद्यानात १९२६ मध्ये पियानोवादक-संगीतकार शोपँचं स्मारक उभं राहिलं. ३१ मे १९४० रोजी जर्मनांनी ते सुरुंग लावून उडवलं. १९५८ मध्ये ते पुन्हा उभारलं, आणि पुढच्याच वर्षापासून उन्हाळ्यात रविवारी त्याच्या पायथ्याशी पियानोवादन होऊ लागलं. तिकीट नाही, लोक गवतावर बसून ऐकतात. आम्स्टरडॅममध्ये चित्रकार रेम्ब्रांटचा पुतळा १८५२ मध्ये लोण्याच्या बाजाराच्या चौकात आला आणि १८७६ मध्ये चौकच रेम्ब्रांटच्या नावाचा झाला. हेलसिंकीत शिल्पकार एइला हिल्टुनेन यांनी संगीतकार सिबेलियससाठी पोलादाच्या सहाशेहून अधिक नळ्या जोडून १९६७ मध्ये स्मारक घडवलं. संगीतकाराचा चेहरा कुठे, अशी ओरड झाली म्हणून तो शेजारी वेगळा बसवला. माणसं मात्र नळ्यांच्या खाली जाऊन उभी राहतात. मला यात हिल्टुनेन यांचा विजय दिसतो.

आता मापं. डोळ्यांच्या पातळीच्या वर स्मारक सहा मीटर जात असेल, तर पूर्ण आकृती एका नजरेत मावायला साधारण १२ मीटर अंतर लागतं. मागच्या झाडांसह बघायचं तर १८. एवढी जागा नसेल तर चौथरा उतरवा. आपण नेमकं उलट करतो: वाहतूक बेटावर उंच चौथरा चढवतो, मग जवळून फक्त हनुवटी दिसते आणि तिथवर चालत जायची सोयही नसते. मातीचा नमुना त्याच उंचीवर चढवून खालून बघितला, तर ही चूक ओतकामाआधीच कळते.

कांस्याची भिंत पाच-सहा मिलिमीटरची असते, तोल आतला सांगाडा धरतो. तो साध्या लोखंडाचा असला आणि पाणी शिरलं की कांस्याला टेकलेलं लोखंड भराभर गंजतं, फुगतं आणि पुतळ्याला आतून चीर पाडतं. म्हणून सांगाडा स्टेनलेस स्टीलचा, आणि सर्वांत खालच्या जागी पाणी निघायला भोकं. वर्षातून एकदा सौम्य साबण आणि मऊ ब्रशने धुवावं, पूर्ण वाळवावं, मग मेणाचा पातळ हात द्यावा. तारेचा ब्रश नको, सोनेरी रंग तर नकोच: त्याखाली शिल्पकाराच्या बोटांचे ठसे बुजतात.

दिवे फक्त खालून लावले तर चेहऱ्यावरच्या सावल्या उलट्या पडतात. थोडं दूर, उंच खांबावरून तिरका प्रकाश सोडावा. आणि पायथ्याशी गाणं-वाजवणं व्हावं अशी इच्छा असेल, तर वीजजोडणीची नळी चौथऱ्याच्या पायाबरोबरच टाकून घ्या. नंतर त्यासाठी फरशी फोडावी लागते.