स्वस्तात कॅरिबियन म्हणाल तर टोबॅगो

नमस्कार मंडळी. थंडी पडायला लागली की टोरांटो काय नि न्यू जर्सी काय, आपल्या लोकांचं एकच सुरू होतं, यंदा कुठेतरी उन्हात जाऊया हो. मग कोणीतरी ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्टचे रेट काढतं आणि विषय तिथेच संपतो. मला तर ती भानगड पहिल्यापासून पटत नाही, मनगटाला पट्टा बांधून घ्यायचा, दारू प्या नाहीतर पिऊ नका पैसे तेवढेच, आणि रोज तोच बुफे.

माझं म्हणणं एवढंच की जिथे तिथली माणसं स्वतः सुट्टीला जातात तिथे जा. ट्रिनिदाद आणि टोबॅगो ही दोन बेटं मिळून एकच देश, आणि मोठ्या ट्रिनिदादची माणसं लाँग वीकेंडला छोट्या टोबॅगोला पळतात. त्यामुळे तिथे साधी गेस्ट हाऊसेस आहेत, स्वयंपाकघरवाल्या खोल्या आहेत, खाणं परवडणारं आहे. टोबॅगोत क्राउन पॉइंटला एअरपोर्टमधून बाहेर पडलात की स्टोअर बे बीच चालत जाण्याइतका जवळ, त्याच भागात खोली घेतलीत तर टॅक्सीचा खर्च बराच वाचतो.

आधी ट्रिनिदादला, राजधानी पोर्ट ऑफ स्पेनला उतरलात तर पुढे छोटं विमान आहे, अर्ध्या तासाच्या आत पोचवतं, पण पैसे वाचवायचे तर फेरी. तिला तीन-चार तास लागतात. बोट चांगली हलते बरं का, आलेपाकाच्या वड्या जवळ ठेवा, आणि आत एसी इतका मारतात की स्वेटर हवाच. सुट्टीच्या दिवसांत तिकिटं पटापट संपतात, ती आधी काढून मग खोली बुक करा, उलटं नको.

खाण्याचं सांगतो. सकाळी डबल्स, म्हणजे ‘बारा’ नावाच्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या, मध्ये छोल्यांचा रस्सा, वर काकडी-चिंचेची चटणी, कागदात गुंडाळून उभ्या उभ्याच खायचं. ‘स्लाइट पेपर’ म्हणजे तिखट अगदी थोडं, असं सांगा, त्यांची मिरची आपल्या लवंगीच्या वरताण आहे. 1845 साली उसाच्या मळ्यांवर राबायला पहिलं गिरमिटियांचं, म्हणजे कराराने नेलेल्या भारतीय मजुरांचं जहाज ट्रिनिदादला लागलं, त्यात बहुतेक भोजपुरी मुलखातली माणसं, म्हणून रोटी, आलू पाय (बटाटा भरून तळलेली पुरी), फुलोरी (डाळीच्या पिठाची भजी) सगळं मिळतं, शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. आणि मासे खाणाऱ्यांनी स्टोअर बेच्या टपऱ्यांवर क्रॅब अँड डंपलिंग सोडू नये, खेकडा कवचासकट पिवळ्या रश्श्यात, सोबत कणकेचे चपटे उकडलेले डंपलिंग, हाताने फोडून खायचं आणि मग दिवसभर नखं पिवळी. मालवणी माणसाला काही शिकवावं लागणार नाही.

जानेवारी ते मे कोरडा सीझन. कार्निव्हल हा तिथला नाचगाण्याचा मोठा उत्सव, त्या आठवड्यात चुकूनही स्वस्ताई शोधू नका. जूननंतर पाऊस, पण खोल्या स्वस्त होतात, आणि ही बेटं वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या जरा दक्षिणेला आहेत, तरी 1963 ला फ्लोरा वादळाने टोबॅगोची धूळधाण केलीच होती, तेव्हा त्या दिवसांत तिकीट रिफंडवालंच घ्या.

बीचला पैसे लागतात का? पिजन पॉइंटला थोडी एंट्री फी आहे, स्टोअर बे फुकट. काचेच्या तळाच्या बोटीने बुक्कू रीफ हे प्रवाळ आणि नायलॉन पूल हा समुद्रातलाच उथळ नितळ भाग बघायचा तर किनाऱ्यावर दोन-चार जणांना भाव विचारा, घासाघीस चालते. 1776 पासून राखलेलं मेन रिज जंगल आहे, तिथे मात्र वाटाड्या घ्या, तो खर्च वसूल होतो.

क्रिकेटवेड्यांनी पोर्ट ऑफ स्पेनला क्वीन्स पार्क ओव्हल बाहेरून तरी बघावं, 1971 ला वाडेकरांच्या टीमने तिथेच वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवलं, गावसकरांची ती पहिली टेस्ट. शहरात रात्री उगाच पायी भटकू नका, आणि टॅक्सी घेताना नंबर प्लेट एच अक्षराची, म्हणजे भाड्याच्या अधिकृत गाडीची आहे ना बघा.

मुंबईहून अमेरिकेमार्गे जाणार असाल तर अमेरिकेचा ट्रान्झिट व्हिसा लागतो हे तिकीट काढायच्या आधी लक्षात घ्या. आणि हो, मिलिटरी प्रिंटचे कपडे बॅगेत नकोत, पोराची चड्डीसुद्धा नको, तिथे कायद्याने बंदी आहे.