वेळास ते दापोली : खाडी, सडा, पुन्हा खाडी

(दृश्य : वेळासचा किनारा, फेब्रुवारी. वाळूत जाळीचं कुंपण, आत पालथ्या टोपल्या.)

सकाळचे सात. कोकणातल्या वेळासहून आज सायकलनं दापोली गाठायची आहे. टोपलीखाली पिल्लं निघाली असतील, तर आज सायकल तासभर उशिरा सुटणार. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी एका खड्ड्यात शंभरेक अंडी घालते. वाळूच्या उबेवर ती पन्नासएक दिवसांत फुटतात. उघड्यावरची घरटी कोल्ही-कुत्री उकरत, माणसंही अंडी नेत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002 मध्ये गावकऱ्यांना सोबत घेऊन इथं संवर्धन सुरू केलं, तेव्हापासून अंडी कुंपणात आणली जातात. पिल्लं पाण्यात नेऊन सोडत नाहीत. वाळूवर ठेवतात, पुढचं ती चालतात.

सायकल मात्र वाळूवर उतरवायची नाही. ओल्या पुळणीवर चाक झकास पळतं, फोटोही छान येतो. पण एखादं न सापडलेलं घरटं चाकाखाली येऊ शकतं. शिवाय खारी वाळू चेनमध्ये शिरली की दुपारपर्यंत करकर सुरू होते.

(दृश्य : चढावर सायकल, मागच्या चाकाचं क्लोजअप.)

दापोली इथून साठ-पासष्ट किलोमीटर. देशावर एवढं अंतर जेवणाआधी उरकतं. इथं अख्खा दिवस जातो, कारण रस्ता खाडीशी उतरतो, सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, चढतो आणि पुन्हा उतरतो. चढ लांब नाहीत, उभे आहेत. दोन्ही बाजूंना पिशव्या लावलेल्या सायकलला पुढे 30 आणि मागे 34 दाती असा गिअर हवा. पुढची सर्वांत लहान चकती 46 दात्यांची असेल, तर अर्ध्या चढांवर सायकल ढकलावी लागेल.

आणि तो हलका गिअर टाकण्याआधी एक गोष्ट तपासायची. कोकणात सायकल बहुधा बसच्या डिकीतून येते, तीही उजव्या कुशीवर आडवी पडून. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, ज्या छोट्या अॅल्युमिनियमच्या पट्टीवर लटकतो, तो हँगर अशा वेळी आत वाकतो. सपाटीवर कळत नाही. पहिल्या उभ्या चढावर सर्वांत मोठ्या चकतीवर चेन टाकली की डिरेलर आऱ्यांत घुसतो, हँगर तुटतो, कधी दोन-तीन आरेही जातात. म्हणून निघताना सायकलच्या मागे उकिडवं बसून पाहायचं : डिरेलरची दोन्ही छोटी चाकं कॅसेटच्या (मागच्या चकत्यांच्या जुडग्याच्या) चकतीच्या रेषेत सरळ खाली दिसली पाहिजेत. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा, दापोलीत मिळेलच असं नाही; जादाचा एक पिशवीत असू द्या. तो नसेल आणि चेन तोडायचं हत्यार असेल, तर डिरेलर वगळून चेन आखूड करायची आणि एकाच गिअरवर गाव गाठायचं.

(दृश्य : जांभ्याचा सडा, वाळलं गवत.)

भारजा नदीची खाडी मांदिवलीच्या पुलावरून ओलांडली की केळशी. पुढे आंजर्ल्याच्या वाटेवर सावली तुटक. हवेत दमटपणा इतका, की घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. तासाला पाऊण लिटर पाणी धरा. नुसतं पाणी पिऊन पोटऱ्यांत गोळे येतात, म्हणून एका बाटलीत मीठ घातलेलं कोकम सरबत.

सड्यावर टिटवी ओरडत उठली तर पाय टेकवून थांबू नका. तिची अंडी उघड्या जमिनीवर, खड्यांच्याच रंगाची असतात. खाली सुरूच्या बनात पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड दिसतो. घरट्याखाली घोळका जमला तर तो अस्वस्थ होतो. दुर्बीण काढा, जवळ जाऊ नका.

आंजर्ल्याकडच्या उतारावर दोन्ही ब्रेक सतत दाबून ठेवायचे नाहीत. रिम ब्रेक असतील तर जांभ्याची लाल धूळ रबरात रुतून रिम खरवडते. वळणाआधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेक सोडायचे.

(दृश्य : हर्णै बंदर, मासळीचा लिलाव, मागे सुवर्णदुर्ग.)

चारच्या सुमारास हर्णै. लिलाव पाहायचा तर अर्धा तास, जास्त नाही. दापोली सुमारे 800 फूट उंचीवर आहे आणि हा सगळा चढ थकलेल्या पायांनी काढायचा आहे. आसूदच्या पोफळीच्या बागांपाशी सावली मिळते, तिथं उरलेलं सरबत संपवा. मासळीच्या गाड्या याच रस्त्यानं जातात आणि वळणांवर त्यांचं बर्फाचं पाणी सांडलेलं असतं. त्या ओल्या पट्ट्यावर चाक तिरकं घालू नका, आणि मागचा लाल दिवा उजेड असतानाच लावा.