विळ्यावर चढलेलं तांबं

नमस्कार, श्रोतेहो.

निफाड तालुक्यातल्या एका गावात मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं. कॉलेजच्या चारी बाजूंनी द्राक्षबागा. निम्मी पोरं सकाळी फवारणीला हातभार लावून वर्गात यायची. आणि मी काय करायचो? फळ्याकडे तोंड करून लिहायचो : लोखंड अधिक कॉपर सल्फेट, मग बाण, मग फेरस सल्फेट अधिक तांबं. "लिहून घ्या, विस्थापन अभिक्रिया." पोरं लिहून घ्यायची, पेपरात जशीच्या तशी उतरवायची. मला वाटायचं, झालं शिकवून.

एकदा, कोण जाणे का, परीक्षानळीत मोरचुदाचं, म्हणजे त्याच कॉपर सल्फेटचं, पाणी घेतलं आणि त्यात लोखंडी खिळा सोडला. थोड्या वेळात खिळा तांबूस झाला. मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "सर, हे तर आमचे आबा करतात. बोर्डो कालवला की त्यात विळा बुडवून बघायचा. तांबं चढलं की म्हणतात, घाल अजून चुना."

ऐकणाऱ्यांत कुणी बागायतदार असेल तर तो आता हसला असेल. बोर्डो म्हणजे द्राक्षवेलींवर फवारायचं बुरशीनाशक. एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण म्हणजे 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 100 लिटर पाणी. चुना कमी पडला की मोकळं तांबं शिल्लक राहतं आणि पानं करपतात. ते मोकळं तांबं विळा पकडून दाखवतो. म्हणजे माझ्या फळ्यावरची अभिक्रिया या मुलानं लहानपणापासून पाहिली होती. फळ्यावरची ओळ आणि घरचा विळा एकच, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

ग्लासगो विद्यापीठातले ॲलेक्स जॉनस्टन यांनी 1991 मध्ये या दुखण्यावर नेमकं बोट ठेवलं. रसायनशास्त्र तीन पातळ्यांवर चालतं : डोळ्यांना दिसणारं, न दिसणाऱ्या अणुरेणूंचं आणि चिन्हांचं. आम्ही शिक्षक एका दमात तिन्हीकडे उड्या मारतो. नवख्या मुलाच्या हाती उरतात फक्त चिन्हं. त्यात आमच्याकडे दहावीपर्यंत मराठीतून पाठ केलेलं 'क्षपण' अकरावीत एका रात्रीत 'रिडक्शन' होतं, तो ताप वेगळाच.

चहाचं आधण ठेवाल तेव्हा घरातल्या मुलाला विचारून बघा, या बुडबुड्यांत काय आहे? 1983 मध्ये न्यूझीलंडमधल्या दोन अभ्यासकांनी मुलांना हाच प्रश्न विचारला, तेव्हा कित्येकांनी सांगितलं, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. असलं चुकीचं उत्तर द्यायलासुद्धा शाळेत जावं लागतं! पाण्याचं सूत्र पाठ झालं, पण वाफ म्हणजे पाणीच, हे निसटलं.

त्यानंतर मी आधी प्रश्न टाकायला लागलो. खिळा मोरचुदात सोडण्याआधी वजन करायचं आणि विचारायचं : बाहेर काढल्यावर जड भरेल, हलका भरेल, की तेवढाच? हात वर करा. बहुतेक म्हणायचे, तेवढाच. काही म्हणायचे, झिजेल. मग भांडणं. पहिल्या वर्षी माझीच फजिती झाली. खिळा धुताना तांब्याचे पापुद्रे निघून गेले आणि तो चक्क हलका भरला. "झिजेल" म्हणणारे नाचायला लागले. पाण्याच्या तळाशी पडलेला तांबूस गाळ एका मुलीनं दाखवला, तेव्हा कुठे वर्ग शांत झाला.

पुन्हा जपून केलं, तर खिळा थोडा जड. का? लोखंडाचा एक अणू पाण्यात जातो, तेव्हा तांब्याचा एक खिळ्यावर बसतो. अणूला अणू, हिशोब चोख. पण लोखंडाचा अणू 56 वजनाचा, तांब्याचा 63.5. म्हणून 56 ग्रॅम लोखंडात जितके अणू, तितकेच 63.5 ग्रॅम तांब्यात. मोल, मोल म्हणून ज्याला पोरं घाबरतात, ते एवढंच. व्याख्या दुसऱ्या दिवशी सांगितली, तर कुणी दचकलं नाही.

एका खिळ्यावर दोन तास गेले, पोर्शन मागे पडला, बोलणी खाल्ली. मला त्याचं वाईट वाटत नाही. (मोरचूद विषारी आहे हो, प्रयोग करणाऱ्यांनी हात धुवावेत आणि पाणी कुठेही ओतू नये.)

तास संपताना त्याच पोरानं विचारलं, "सर, मग आबांचा विळाही जड होत असेल?" मी म्हटलं, मोजून बघू.

सोमवारी त्याला यायला उशीर झाला. दप्तरात विळा सापडला म्हणून शिपायानं फाटकावरच अडवला होता.