वकिलीचं बोलणं कुठून शिकवायचं?

मित्रहो, विधी महाविद्यालयात मुलांना बोलायला शिकवायचं म्हटलं की आपण मूट कोर्ट, म्हणजे काल्पनिक खटल्यावरचं सरावाचं न्यायालय, भरवतो. मूटबद्दल मला आदरच आहे. १९६०मध्ये सुरू झालेल्या जेसप या आंतरराष्ट्रीय मूट स्पर्धेत आज जगभरातले विद्यार्थी उतरतात. पण मूटमध्ये तालीम होते ती मुख्यतः अपिलातल्या युक्तिवादाची. अशिलाशी, साक्षीदाराशी, समोरच्या वकिलाशी बोलायचं कसं, हे मुलं पुढे पडत-धडपडत शिकतात, आणि त्याची किंमत अशील मोजतो.

म्हणून मी सुरुवात अशिलाच्या पहिल्या भेटीपासून करतो. मुलांना जोडीनं बसवायचं. एकाला भाडेकरूची हकीकत लिहून द्यायची आणि तिच्यात एक अडचणीची गोष्ट ठेवायची: जागा सोडण्याच्या कागदावर त्यानं आधीच सही केली आहे. अशील दोन वाक्यं बोलतो न बोलतो तोच आपला वकील सुरू होतो, “नोटीस कधी मिळाली? भाडं थकलंय का?” सही राहते बाजूलाच. मग तीच भेट पुन्हा घ्यायला लावायची. या वेळी फक्त “काय झालं ते सुरुवातीपासून सांगा” एवढंच म्हणायचं, आणि अशील थांबला तरी लगेच तोंड उघडायचं नाही. सहीचा विषय बहुतेकदा त्यानंतरच निघतो.

साक्षीदाराला विचारतानाही हेच भान लागतं. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४मधला प्रयोग वर्गात जरूर सांगा. मोटार अपघाताच्या त्याच फिती पाहिलेल्यांपैकी ज्यांना गाड्या ‘जोरात आदळल्या’ अशा अर्थाच्या शब्दात विचारलं, त्यांनी वेग सरासरी ताशी ४०.५ मैल सांगितला. नुसत्या ‘टेकल्या’ म्हटल्यावर ३१.८. मुलांना ओढ असते उलटतपासणीची, म्हणजे समोरच्या बाजूच्या साक्षीदाराला प्रश्न विचारण्याची, तिथं नाट्य असतं ना! माझ्या मते सरतपासणी, म्हणजे आपल्याच साक्षीदाराची तपासणी, अवघड. उत्तर सुचवणारे सूचक प्रश्न न विचारता साक्षीदाराकडून हकीकत क्रमानं वदवून घ्यायची, हे खरं कसब.

आता युक्तिवाद. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एकेकाळी एकेक प्रकरण कित्येक दिवस चाले. १८४९मध्ये प्रत्येक वकिलाला दोन तासांची मर्यादा आली, आणि १९७०पासून प्रत्येक बाजूला साधारणपणे अर्धा तास मिळतो. एवढ्या वेळात न्यायाधीशांचा प्रश्न हीच खरी संधी. आपला विद्यार्थी मात्र “त्या मुद्द्याकडे मी नंतर येतो” म्हणून पाठ केलेल्या परिच्छेदाकडे परततो. त्याच्या हातातला कागद काढून घ्या. आधी ‘होय’ किंवा ‘नाही’, मग कारण, मग सुटलेला धागा, या क्रमानं उत्तर द्यायला लावा, आणि प्रश्न मध्येच, नको त्या क्षणी विचारा.

गुण देताना आवाज आणि हावभाव यांचा वाटा मी कमी ठेवतो. स्कॉटलंडमध्ये वकिलीच्या प्रशिक्षणात अशिलाची भूमिका करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तींनीच गुण द्यायचे, अशी पद्धत वापरून पाहिली गेली आहे. तेवढी तयारी नसेल तरी जोडीतल्या ‘अशिला’ला एवढं विचारायला काहीच हरकत नाही: तुझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं का, आणि तू पुन्हा याच वकिलाकडे जाशील का?